भोपाळची स्विचगियर चाचणी शाखा: इतिहास, काम आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उपकेंद्रात काम करणारे, ब्रेकर (बिघाड होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि ट्रान्सफॉर्मर बनवणारे आणि टेंडरच्या फायली तपासणारे या सगळ्यांच्या तोंडी ‘सीपीआरआयचा रिपोर्ट आहे का?’ हा प्रश्न सतत असतो. तो चाचणीचा रिपोर्ट देणाऱ्या जुन्या ठिकाणांपैकी एक म्हणजे भोपाळ. या शाखेबद्दल विद्यार्थी, ठेकेदार आणि वीज कंपन्यांतले नवे अभियंते जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ही शाखा कोणत्या संस्थेची?

सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजे सीपीआरआय, या केंद्र सरकारच्या संस्थेची. संस्थेची स्थापना १९६० सालची आणि मुख्यालय बंगळुरूला. भोपाळच्या शाखेचं पूर्ण नाव स्विचगियर टेस्टिंग अँड डेव्हलपमेंट स्टेशन. स्विचगियर म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी, ब्रेकरसारखी उपकरणं. लोक एसटीडीएस म्हणतात, किंवा नुसतंच ‘भोपाळ सीपीआरआय’. शहराच्या गोविंदपुरा या औद्योगिक भागात ती आहे. संस्थेच्या सुरुवातीच्या काळात मुख्य प्रयोगशाळा दोनच होत्या: बंगळुरूची आणि ही. त्यामुळे भोपाळला ‘शाखा’ म्हणत असलो तरी वयाने ती मुख्यालयाच्या पाठीला पाठ लावून आलेली आहे.

त्या काळात अशा प्रयोगशाळेची गरज का भासली?

आकडे पाहिले की लगेच कळतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाची स्थापित वीजक्षमता होती १,३६२ मेगावॉट. दुसरी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा, मार्च १९६१ मध्ये, ती ४,६५३ मेगावॉट झाली होती आणि मार्च १९८० पर्यंत २८,४४८ मेगावॉट. वाहिन्यांचा दाबही असाच चढत गेला. १९६० साली देशात २२० केव्ही (किलोव्होल्ट) हा सर्वात वरचा टप्पा होता, १९७७ साली ४०० केव्ही आलं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० चं. कोयनेची वीज वाहू लागली ती त्याच दशकाच्या सुरुवातीला.

जाळं असं वाढतं तेव्हा एक गोष्ट नकळत वाढत जाते: फॉल्ट करंट, म्हणजे बिघाडाच्या वेळी वाहणारा प्रवाह. एकमेकांना जितकी जास्त जनित्रं जोडाल, तितका शॉर्ट सर्किटच्या क्षणी धावून येणारा प्रवाह मोठा. दहा वर्षांपूर्वी पुरेसा असलेला ब्रेकर आज अपुरा ठरतो, आणि हे त्याच्याकडे बघून कळत नाही. तो वर्षानुवर्षं शांत उभा असतो. ज्या दिवशी खरा फॉल्ट येतो त्या दिवशीच त्याची परीक्षा होते, आणि नापास झाला तर त्याच्या जवळ उभा असलेला ऑपरेटर त्याची किंमत मोजतो. तेलाच्या ब्रेकरचा स्फोट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

देशी कारखाने स्विचगियर बनवू लागले तेव्हा ती तपासायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला. अशा चाचणीची सोय युरोपात होती. प्रत्येक नव्या डिझाइनचा नमुना बोटीने तिकडे पाठवायचा, चाचणीची तारीख मिळेपर्यंत थांबायचं, नापास झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वाटेने देशी उद्योग उभा राहणं कठीण होतं.

मुख्यालय बंगळुरूला असताना ही शाखा भोपाळलाच का?

गोविंदपुऱ्यातला तिचा शेजार पाहा. हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड ही सरकारी कंपनी १९५६ साली स्थापन झाली आणि ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या सहकार्याने तिचा कारखाना भोपाळला उभा राहिला. पंडित नेहरूंनी ६ नोव्हेंबर १९६० रोजी तो देशाला अर्पण केला. टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, स्विचगियर अशी अवजड विद्युत सामग्री तिथे बनते. १९७४ साली ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली.

शिवाय चाचणीला येणारी वस्तू वजनदार असते. ती देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेण्यापेक्षा मध्यभागी, रेल्वेच्या मोठ्या मार्गावर नेणं सोयीचं.

सुरुवातीला ती कोणाच्या अखत्यारीत होती आणि १९७८ मध्ये काय बदललं?

सुरुवातीला ती केंद्रीय जल आणि विद्युत आयोगाच्या विद्युत शाखेखाली होती, म्हणजे सरळ सरकारी कार्यालय. सत्तरच्या दशकाच्या मध्याला या आयोगाचं विभाजन झालं, पाण्याचं काम केंद्रीय जल आयोगाकडे आणि विजेचं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे गेलं. त्यानंतर १९७८ साली सीपीआरआयला स्वायत्त सोसायटीचं रूप मिळालं. आज ती केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अधिपत्याखाली काम करते आणि भोपाळ तिचाच एक विभाग आहे.

या बदलाकडे निव्वळ प्रशासकीय म्हणून पाहिलं जातं, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. चाचणी करणाऱ्याला कारखानदाराचाही दबाव नको आणि खरेदी करणाऱ्या वीज मंडळाचाही नको. शुल्क घेऊन, स्वतःच्या सहीने, दोघांपासून सारख्या अंतरावर राहून निकाल देणारी संस्था असेल तरच त्या कागदाला बाजारात किंमत राहते.

शॉर्ट सर्किट टेस्ट नेमकी कशी होते?

एवढा प्रचंड प्रवाह सार्वजनिक ग्रिडमधून ओढला तर आसपासच्या गावांचे दिवे मिचकावतील, आणि पुरेसा प्रवाह मिळेलच असंही नाही. म्हणून अशा प्रयोगशाळांत खास बनावटीचं शॉर्ट सर्किट जनरेटर वापरतात. मोटर लावून त्याचा जड रोटर पूर्ण वेगाला आणतात. चाचणीच्या आधी मोटरचा पुरवठा तोडतात. आता रोटर निव्वळ आपल्या वेगावर फिरत असतो आणि त्याच्यात साठलेली गतिज ऊर्जा हीच चाचणीची शिदोरी. उत्तेजन (रोटरला चुंबक बनवणारा प्रवाह) एकदम वाढवतात, मेक स्विच ठरलेल्या क्षणी मिटतो, म्हणजे सर्किट जोडतो, आणि सेकंदाच्या एका अंशापुरता हजारो अँपिअरचा प्रवाह नमुन्यातून जातो. ‘ठरलेल्या क्षणी’ याला फार अर्थ आहे. एसी लहरीच्या कोणत्या बिंदूवर सर्किट मिटलं, त्यावर पहिल्या शिखराची उंची अवलंबून असते. ४० किलोअँपिअर रेटिंगच्या ब्रेकरला पहिलं शिखर १०० किलोअँपिअरचं सोसावं लागतं.

नमुना असतो जाड भिंतींच्या चाचणी-कक्षात. माणसं नियंत्रण कक्षात. सायरन वाजतो, परिसर रिकामा असल्याची खात्री होते आणि मग एक दणका बसतो. सगळं संपलेलं असतं. उरतात ते पडद्यावरचे आलेख: तीन फेजचे प्रवाह, दाब, संपर्कांची हालचाल. पूर्वी हेच आलेख प्रकाशकिरणाने फोटोच्या कागदावर उमटवत आणि धुऊन बघत, आता डिजिटल रेकॉर्डर सगळं टिपतो. दणका सेकंदभराचाही नसतो, पण तयारीत आणि जोडणीत दिवस जातात. नवख्या माणसाला हे प्रमाण पटत नाही.

ब्रेकरने नेमकं काय सिद्ध करायचं असतं?

नुसतं एकदा उघडून चालत नाही. झाडाची फांदी वाहिनीला टेकून निघून जाते तेव्हा ब्रेकर ट्रिप होतो आणि क्षणात आपोआप पुन्हा लागतो. फांदी तिथेच असेल तर तो सरळ फॉल्टवर मिटतो आणि त्याला पुन्हा तोडावं लागतं. चाचणीचा क्रम यावरूनच ठरला आहे: उघड, ०.३ सेकंद थांब, मीट आणि लगेच उघड, ३ मिनिटं थांब, पुन्हा मीट-उघड. हे पूर्ण फॉल्ट करंटला करायचं आणि १०, ३०, ६० टक्के प्रवाहालाही करायचं.

कमी प्रवाहाला कशाला, असं हमखास विचारतात. प्रवाह शून्यातून जाताना, म्हणजे ५० हर्ट्‌झला दर १० मिलिसेकंदांनी, आर्क (उघडणाऱ्या संपर्कांमध्ये पेटणारी विजेची ज्योत) विझते. विझताक्षणी उघड्या संपर्कांमध्ये दाब उसळून येतो, त्याला रिकव्हरी व्होल्टेज म्हणतात. कमी प्रवाहाच्या काही फॉल्टमध्ये हा दाब फारच झपाट्याने चढतो. मधली जागा तेवढ्या वेळात थंड झाली नसेल तर आर्क परत पेटते. मोठ्या प्रवाहाला पास झालेला ब्रेकर छोट्याला नापास होऊ शकतो, आणि हे फक्त चाचणीतच दिसतं.

४०० केव्हीच्या ब्रेकरला पुरेल एवढं जनरेटर कुठे असतं?

कुठेच नाही. साधा हिशेब करा: ४२० केव्ही (४०० केव्ही ब्रेकरचा कमाल दाब) आणि ४० किलोअँपिअर, √३ ने गुणलं की सुमारे २९,१०० एमव्हीए इतकी शक्ती. संस्थेच्या बंगळुरू केंद्रातलं शॉर्ट सर्किट जनरेटर आहे २,५०० एमव्हीएचं, आणि तेही मोठंच म्हणायचं. म्हणून जगभर युक्ती वापरतात. प्रवाह एका स्रोताकडून, कमी दाबावर. आर्क विझण्याच्या नेमक्या घडीला दुसरीकडून, भारित कपॅसिटरच्या बँकेतून, पूर्ण उच्च दाब. ब्रेकरच्या दृष्टीने दोन्ही एकाच फॉल्टचे भाग. याला सिंथेटिक टेस्ट म्हणतात. दोन स्रोतांची वेळ काही मायक्रोसेकंदांनी चुकली तर चाचणी वाया जाते. विद्युत अभियांत्रिकीत यापेक्षा देखणी कल्पना मला तरी माहीत नाही.

ट्रान्सफॉर्मर ‘उडत’ नाही ना, मग त्याची शॉर्ट सर्किट टेस्ट कशासाठी?

उडतोच. गावोगावचे जळालेले डीपी, म्हणजे खांबावरचे ट्रान्सफॉर्मर, पाहा.

ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा आतला अडथळा) ५ टक्के असेल तर बाहेरच्या फॉल्टला त्यातून नेहमीच्या वीसपट प्रवाह जातो. वायंडिंगवरचा (तारेच्या गुंडाळीवरचा) जोर प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चारशेपट. त्यात पहिल्या शिखराची भर वेगळी. बाहेरचं वायंडिंग फुटून बाहेर जाऊ पाहतं, आतलं गाभ्याकडे दाबलं जातं, आणि दोन्हींच्या उंचीत किंवा मध्यात थोडी तफावत असेल तर उभ्या दिशेनेही ओढाताण होते.

चाचणीत तीन फेजच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला एकूण नऊ दणके देतात, प्रत्येकी अर्ध्या सेकंदाचे. दर दणक्यानंतर रिअ‍ॅक्टन्स मोजतात. वायंडिंग हललं की हा विद्युत अडथळा बदलतो. गोल वायंडिंगच्या छोट्या-मध्यम ट्रान्सफॉर्मरमध्ये हा फरक २ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, १०० एमव्हीएच्या वरच्यांना मर्यादा १ टक्क्याची. शेवटी टाकीचं झाकण उघडून आतला भाग बाहेर काढतात. नापास नमुन्यात काय दिसतं? आतल्या वायंडिंगचा एक भाग गाभ्याच्या बाजूला चेपून आत गेलेला. मधले स्पेसर सरकून एका रांगेतून बाहेर आलेले. लीडला धरणारी लाकडी पट्टी चिरलेली. कागदाचं इन्सुलेशन एखाद्याच ठिकाणी फाटून आतलं तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलेलं. बाहेरून टाकीवर ओरखडाही नसतो. रंग तसाच चकचकीत, बुशिंग शाबूत, तेलाची पातळी बरोबर. हा ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या रोजच्या चाचण्यांत सहज पास झालेला असतो, आणि शेतातल्या खांबावर चढवला असता तर पहिल्या-दुसऱ्या फॉल्टला गेला असता.

रुटीन टेस्ट आणि टाइप टेस्ट यात फरक काय?

रुटीन टेस्ट कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगाची. टाइप टेस्ट एका डिझाइनच्या नमुन्याची, एकदा. शॉर्ट सर्किट टेस्ट टाइप टेस्टमध्ये मोडते, कारण तिच्यातून गेलेला नग पुन्हा विकायच्या लायकीचा राहीलच असं नाही.

नापास झालेल्या नमुन्यांचं काय होतं?

निर्माता डिझाइन सुधारून परत येतो. बाहेरच्या लोकांना पास झालेले रिपोर्टच दिसतात, कारण टेंडरला तेच जोडले जातात. त्यामुळे अशा शाखेचा खरा वाटा डोळ्यांआड राहतो. माझ्या मते इथलं सर्वात मोलाचं काम नापास होणाऱ्या नमुन्यांचं आहे. कोणता क्लॅम्प कमी पडला, संपर्क किती मिलिसेकंद उशिरा सुटले, कुठला स्पेसर सरकला, हे सगळं निर्मात्याला हातात मिळतं. देशी ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकर सुधारले ते पुष्कळसे अशा अपयशांतून, आणि ते सुधारणारे टेस्ट इंजिनिअर, फिटर, क्रेन ऑपरेटर यांची नावं कुठल्याही इतिहासात येत नाहीत.

मग ही संशोधन शाखा आहे की तपासणी केंद्र?

नावात दोन्ही आहे, टेस्टिंग आणि डेव्हलपमेंट. ‘नुसती टेस्टिंग करतात, रिसर्च कुठे आहे?’ ही टीका ऐकू येते आणि ती मला अर्धवट वाटते. रिकव्हरी व्होल्टेज हवं त्या आकाराचं मिळावं म्हणून सर्किट बांधणं, चुंबकीय गोंधळात शंभर किलोअँपिअर अचूक मोजणं हे अस्सल अभियांत्रिकी संशोधनच आहे. टीकेतला खरा भाग असा, की चाचणीतून जमा होणारा अनुभव संस्थांच्या फायलींत राहतो आणि महाविद्यालयांपर्यंत फारसा पोचत नाही. तो पोचायला हवा.

इतक्या वर्षांत तपासायच्या वस्तू किती बदलल्या?

पार बदलल्या. सुरुवातीचा काळ तेलाच्या ब्रेकरचा, आधी भरपूर तेलाचे, मग कमी तेलाचे. वरच्या दाबाला एअर ब्लास्ट. पुढे ११ आणि ३३ केव्हीला व्हॅक्यूम आलं आणि त्याच्या वर एसएफ-६ वायू. आता एसएफ-६ हवामानाला फार घातक असल्याने त्याला पर्याय शोधणं चालू आहे. प्रत्येक नव्या माध्यमाची आर्क वेगळी वागते, म्हणून प्रयोगशाळेलाही दर पिढीला नव्याने शिकावं लागतं.

फॉल्टची पातळीही वाढली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात जोडलं गेलं. एकसंध ग्रिडचे फायदे उघड आहेत, पण त्याबरोबर जिथे ४० किलोअँपिअर पुरत होते तिथे ५० आणि ६३ ची भाषा सुरू झाली.

फार मोठे पॉवर ट्रान्सफॉर्मरही भोपाळला तपासतात का?

४०० केव्ही वर्गाच्या अजस्र ट्रान्सफॉर्मरना कोणत्याही साध्या जनरेटरची ताकद पुरत नाही. ते बराच काळ युरोपात, विशेषतः नेदरलँड्सच्या केमा प्रयोगशाळेत पाठवावे लागत. एवढं अवजड धूड बंदरापर्यंत नेणं, बोटीने पाठवणं, परत आणणं यात महिने जात. यावर उपाय म्हणून मध्य प्रदेशातच बिना इथे नॅशनल हाय पॉवर टेस्ट लॅबोरेटरी उभी राहिली. तिची कंपनी २००९ साली नोंदली गेली. एनटीपीसी, एनएचपीसी, पॉवरग्रिड, दामोदर खोरे महामंडळ आणि सीपीआरआय हे तिचे भागीदार. तिथे जनरेटर नसतं, चाचणीची शक्ती थेट ग्रिडमधून घेतात. बिनाचं उपकेंद्र ग्रिडचा भक्कम सांधा असल्यानेच हे शक्य होतं.

सीपीआरआयच्या इतर शाखा कुठे आहेत? महाराष्ट्रात आहे का?

हैदराबादला अतिउच्च दाबाची संशोधन प्रयोगशाळा, आणि नोएडा, कोलकाता, गुवाहाटी इथे प्रादेशिक चाचणी केंद्रं.

महाराष्ट्रात नागपूरजवळ कोराडीला थर्मल रिसर्च सेंटर आहे. कोराडी-खापरखेडा-चंद्रपूर हा औष्णिक विजेचा पट्टा असल्याने जागा अगदी योग्य. त्याचं काम भोपाळच्या उलट टोकाचं: भोपाळला सेकंदाच्या अंशात वस्तूची कसोटी लागते, कोराडीला लाखभर तास तापलेल्या धातूचं उरलेलं आयुष्य मोजतात. बॉयलरच्या नळ्या आणि हेडर वर्षानुवर्षं उष्णता आणि दाब सोसत हळूहळू ताणल्या जातात. पृष्ठभागाची प्रतिकृती घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की धातूच्या कणांच्या सीमेवर पोकळ्या धरू लागल्या का ते कळतं. नाशिकजवळ शिलापूरलाही संस्थेची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. नाशिकमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियरचे इतके कारखाने असताना ती तिथे असणं रास्तच आहे.

भोपाळच्या रिपोर्टला परदेशात मान आहे का?

आहे. सीपीआरआय ही शॉर्ट सर्किट टेस्टिंग लिएझन, म्हणजे एसटीएल, या आंतरराष्ट्रीय गटाची सदस्य आहे. चाचणीचे नियम वेगवेगळ्या देशांत सारखेच लावले जावेत, हे या गटाचं काम.

टेंडरला जोडलेला टाइप टेस्ट रिपोर्ट पाहताना काय बघावं?

आधी रेटिंग: देऊ केलेल्या वस्तूचा दाब, प्रवाह, कालावधी रिपोर्टमधल्याशी जुळतो का. मग ड्रॉइंग. प्रयोगशाळा नमुन्याची ड्रॉइंग तपासून रिपोर्टसोबत जोडते, ती पानं गायब असतील तर मागून घ्या. वायंडिंग तांब्याचं तपासलेलं आणि देऊ केलेलं अ‍ॅल्युमिनियमचं, असं निघालं तर तो रिपोर्ट त्या वस्तूचा नव्हेच. कोणत्या मानकाच्या कोणत्या आवृत्तीनुसार चाचणी झाली तेही बघा. आणि सगळी पानं वाचा. पहिल्या पानावर फक्त निकाल असतो. चाचणीनंतरच्या तपासणीत संपर्कांची आणि वायंडिंगची अवस्था काय होती, हे पुढच्या पानांवर, फोटोंसकट असतं.